विद्यापीठाच्या वतीने दोन शब्द

पारस गुगळे यांनी त्या दिवशी सभागृहात शंभर खुर्च्या मांडून घेतल्या आणि माणूस आला एक. तोही हे सभागृह लग्नाला भाड्यानं मिळतं का, हे विचारायला आला होता.

दारावर 'विद्यार्थी-पालक संवाद मेळावा' असा कापडी फलक होता. टेबलावर पाण्याच्या बाटल्या होत्या, गुलाबाची फुलं होती, संवाद साधायला गुगळे स्वतः होते. नव्हते ते फक्त विद्यार्थी आणि पालक. एरवी गुगळे यांना याचं काहीच वाटलं नसतं. विद्यापीठाच्या नारायणगावातल्या विद्यार्थी सहाय्य केंद्राचे ते प्रमुख होते, आणि जुन्नर-आंबेगावातल्या एकाही विद्यार्थ्याला आपलं सहाय्य होऊ नये, याची त्यांनी आजवर डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली होती.

त्यांची सगळी कारकीर्द एका साध्या तत्त्वावर उभी होती. सही करायची नाही. सही केलेल्या माणसाला पुढे कुणीतरी जाब विचारतं, न केलेल्याला कोण विचारणार? अर्ज आला की ते त्यावर 'चर्चा करावी' असं लिहीत. चर्चेला कुणी आलंच, तर 'लेखी द्यावे' म्हणून परत पाठवत. त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांच्यावर एकही ठपका नव्हता, आणि वरच्या वर्तुळात 'स्वच्छ अधिकारी' असा त्यांचा लौकिक होता. त्यांचे वडील मदनलालजी यांचं पेठेत कापडाचं दुकान होतं. ते म्हणायचे, "गिऱ्हाईक आलं की आम्ही गादीवरून उठून पुढं येतो. तू गिऱ्हाईक आलं की उठून मागच्या दारानं जातोस. तरी पगार तुलाच मिळतो."

पण आता प्रश्न बढतीचा होता. पुण्यात मुख्यालयात उपसंचालकाची जागा रिकामी झाली होती आणि ज्येष्ठतेत गुगळे पहिले होते. त्यांच्या पत्नीनं, चेतनानं, पुण्यात फ्लॅट बघून ठेवला होता. खिडक्यांची मापं घेऊन पडदेसुद्धा शिवायला टाकले होते. लेक सिद्धी मैत्रिणींचा निरोप घेऊन मोकळी झाली होती. एवढं सगळं जुळून आलं असताना विद्यापीठाला अवदसा आठवली. यंदापासून बढतीसाठी 'प्रत्यक्ष लोकसंपर्क' बघितला जाईल, त्याचे फोटो दरमहा पाठवावेत, आणि महिनाअखेरीला एक समिती येऊन हा संपर्क डोळ्यांनी पाहील, असं परिपत्रक निघालं. आयुष्यभर उंटावरून शेळ्या हाकलेल्या माणसाला आता शेळ्यांसोबत फोटो काढून घ्यायचा होता.

"एवढा प्रचार केला, तरी कुणी का आलं नाही?" गुगळे यांनी नूतनला विचारलं. नूतन केंद्रातली लिपिक. ती राजुरीची, त्यामुळे दोन्ही तालुक्यांत कुठे काय चाललंय हे तिला फोन न करता कळायचं.

"सर, चैत्र चालू हाय. निम्मा तालुका कांदे काढतोय, निम्मा जत्रंला गेलाय. संवाद कुणाला करायचाय?"

"मग गर्दी मिळणार कुठं?"

"गर्दीच पायजे ना? मग उद्या सकाळी पिंपरी पेंढारला चला. गेणभाऊंचा दहावा हाय."

या मुलखात लग्नाला एखादा आला नाही तर चालतं, दहाव्याला आला नाही तर पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतं. सकाळी घाटावर मंडप पडतो. पिंड ठेवले जातात, कावळ्याची वाट बघितली जाते, महाराजांचं प्रवचन होतं आणि त्यानंतर खरा कार्यक्रम सुरू होतो, म्हणजे माइक मोकळा होतो. मग पतसंस्थेच्या वतीने, दूध संस्थेच्या वतीने, सोसायटीच्या वतीने, आजी, माजी आणि भावी अशा सगळ्या पदाधिकाऱ्यांच्या वतीने श्रद्धांजलीचे दोन शब्द होतात. निवडणूक जवळ आली असेल तर हे दोन शब्द उन्हं डोक्यावर येईपर्यंत पुरतात. गुगळे जैन घरातले. त्यांच्याकडे हा विधी नव्हता. दहाव्याशी त्यांचा आजवरचा संबंध एवढाच, की पाहुणे मंडळी दुखवट्याची टॉवेल-टोपी त्यांच्या वडिलांच्या दुकानातून नेत.

दुसऱ्या दिवशी गुगळे घाटावर मागच्या रांगेत बसले. नूतन मोबाइलमध्ये त्यांच्यासकट गर्दी बसवायचा प्रयत्न करत होती. गुपचूप एक फोटो काढावा आणि निघावं, एवढाच बेत होता. पण इस्त्रीच्या शर्टातला अनोळखी माणूस घाटावर लपत नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी कुणाच्या तरी कानात विचारलं, आणि माइकवर जाहीर केलं, "आता विद्यापीठाच्या वतीने श्रद्धांजली."

पाचशे माना वळल्या. गुगळे उठले. गेणभाऊ कोण, काय करत होते, यातलं त्यांना काडीचंही ठाऊक नव्हतं.

"गेणभाऊंचं आणि माझं नातं शब्दांत सांगता येणार नाही," त्यांनी सुरुवात केली. हे वाक्य तंतोतंत खरं होतं. पुढे काय बोलावं ते सुचेना, तेव्हा डोळ्यांसमोर आपलं कार्यालय आलं. "गेणभाऊंच्या दारात गेलेला माणूस कधी रिकाम्या हातानं परतला नाही. त्यांनी कुणाला 'उद्या या' म्हटलं नाही. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवलं नाही. समोरच्याची अडचण ऐकली आणि तिथल्या तिथं सोडवली."

बायकांच्या रांगेतून हुंदका ऐकू आला. गुगळे यांना त्या क्षणी एक मोठा शोध लागला. आपल्या कार्यालयात रोज जे चालतं त्याच्या नेमकं उलटं बोलत गेलं, की थोर माणसाचं चरित्र आपोआप तयार होतं. मग ते थांबलेच नाहीत. शेवटी आवाज भरून आला तेव्हा ते म्हणाले, "या दुःखात विद्यापीठ गेणभाऊंच्या कुटुंबाच्या पाठीशी खंबीरपणे उभं आहे."

फोटो मुख्यालयात गेला. खाली ओळ होती, 'पिंपरी पेंढार येथे पालक संवाद. शेकडोंची उपस्थिती. वातावरण भावपूर्ण.' मुख्यालयाचं उत्तर आलं, 'उत्तम. सातत्य ठेवावे.'

पुढच्याच दिवशी केंद्राच्या दारात एक म्हातारी आणि एक मुलगी उभी राहिली. म्हातारी म्हणजे गेणभाऊंच्या पत्नी लंकाबाई, आणि मुलगी त्यांची नात रत्ना.

"सायेब, काल तुमी लई चांगलं बोलला," लंकाबाई खुर्चीवर बसत म्हणाल्या. "पन्नास वर्सं संसार केला, पर आमच्या मालकाची तुमच्यायेवढी म्हायती मला बी नव्हती."

"कर्तव्यच आहे, आजी."

"तुमी पाठीशी उभं हाय म्हनला. म्हनलं, कुठवर उभं ऱ्हातील बिचारं. तर हिचं येवढं काम करा आन बसा निवांत."

काम साधं होतं. रत्ना बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती त्याच सकाळी गेणभाऊ गेले. परीक्षा हुकली. अशा मुलांसाठी फेरपरीक्षा होती, पण त्यासाठी केंद्रप्रमुखांची शिफारस लागत होती आणि ती महिनाअखेरपर्यंत पुण्याला पोहोचायला हवी होती. नाहीतर वर्ष गेलं. रत्नाला पुढे शिकायचं होतं, घरच्यांनी कसंबसं 'हो' म्हटलं होतं, आणि एक वर्ष गेलं तर तो 'हो' टिकणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

गुगळे यांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. शिफारस म्हणजे सही. त्यांनी पेनाचं टोपण घट्ट लावलं.

"आजोबा वारल्याचा पुरावा कुठं आहे?"

लंकाबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "पुरावा? काल तुमी कुनाच्या दहाव्याला बोलत व्हता?"

"ते वैयक्तिक पातळीवर, आजी. वैयक्तिक पातळीवर गेणभाऊ गेल्याचं मला अतोनात दुःख आहे. पण कार्यालयीन पातळीवर ते अजून गेलेले नाहीत."

"म्हंजी हैत?"

"तसंही म्हणता येणार नाही. प्रकरण विचाराधीन आहे."

"मग मी कुंकू लावू का नको, येवढं तरी लिहून द्या," लंकाबाई म्हणाल्या.

रत्नानं ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला आणला. मग गेणभाऊ तिचे आजोबाच होते याचा दाखला लागला. तोही आणला. तेव्हा गुगळे यांना नवीनच शंका आली. आजोबा वारले तेव्हा नातीची तिथं उपस्थिती अत्यावश्यक होती, हे कशावरून?

"असा दाखला कोण देतं, सर?" रत्नानं विचारलं.

"सक्षम प्राधिकारी."

"म्हणजे कोण?"

"ते शोधून काढणं हा शिक्षणाचाच भाग आहे," गुगळे म्हणाले आणि घड्याळ बघून उठले. त्यांना डिंगोऱ्याला जायचं होतं.

कारण इकडे त्यांची कीर्ती घाटाघाटावर पसरली होती. पिंपरी पेंढारला विद्यापीठ आलं हे कळल्यावर डिंगोऱ्याच्या मंडळींनी निरोप धाडला, की आमच्या म्हातारीनं विद्यापीठाचं काय घोडं मारलंय? डिंगोऱ्याला गेल्यावर राजुरी मागे कशी राहील? मग मंचरकडून बोलावणं आलं, घोडेगावकडून आलं. दशक्रियेच्या निरोपात 'विद्यापीठाची विशेष उपस्थिती' असं लिहून येऊ लागलं, आणि ज्यांच्याकडे विद्यापीठ आलं नाही त्यांच्या घरात भावाभावांत कुरबुरी होऊ लागल्या. गुगळे रोज सकाळी पांढरे कपडे घालून निघत. कधी कधी एका सकाळी दोन घाट होत. फोटो पुण्याला जात, पुण्याहून शाबासकी येई. मदनलालजीही खूश होते. "घाटावरची गर्दी वाढली, तशी टॉवेल-टोपी उरत नाही," ते जेवताना म्हणाले. "तुझ्या शिक्षणाचा दुकानाला पहिल्यांदाच उपयोग झाला."

यात एकच अडचण होती. सकाळी रत्ना केंद्रात आली की नूतन सांगे, सर घाटावर आहेत. रत्ना एसटीनं घाट गाठायची. तिथं गुगळे हात जोडून हळू आवाजात म्हणत, "अशा पवित्र ठिकाणी कार्यालयीन विषय नकोत गं. ऑफिसात ये." ती ऑफिसात पोहोचेपर्यंत ते पुढच्या गावच्या घाटावर पोहोचलेले असत. शेवटी एका दुपारी त्यांनी तिच्या अर्जावर शेरा मारला, 'अर्जदार वारंवार सूचना देऊनही कार्यालयीन वेळेत उपस्थित राहत नाही. सबब अर्ज दप्तरी दाखल.'

हा शेरा वाचताना रत्नाचे डोळे भरून आले. ती रडली नाही. तिच्यासोबत तिच्या वर्गातला तालिब होता. तालिबच्या वडिलांचा, रहमतुल्लाभाईंचा, जुन्नरला मंडप आणि स्पीकरचा धंदा. तालिब स्वतः शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी इतक्या चकरा मारून गेला होता की नूतन त्याला आता 'या, बसा' म्हणायची. लंकाबाईही होत्याच.

"दप्तरी दाखल म्हंजी काय गं बाई?" त्यांनी नूतनला विचारलं.

नूतननं एकदा गुगळे यांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "म्हंजी संपलं, आजी. गेला अर्ज."

"गेला?"

"गेला."

 लंकाबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "मग त्याचा दहावा घालाया पायजे. रीत हाय ती."

रत्ना चमकून आजीकडे बघू लागली. तालिबच्या मात्र लगेच लक्षात आलं. "आजी, मंडप-माइक माझ्याकडं लागला," तो म्हणाला. "मी रोज घाटावर माइक लावतो. साहेबांची सगळी भाषणं पाठ झालीत मला. कोण गेलंय ते विचारतच नाहीत ते. फक्त भाऊ का बाई, येवढंच विचारतात."

"आणि दहावा दिवस कधी येतोय ठाव हाय का?" नूतन कॅलेंडरकडे बघत म्हणाली. "समिती येणार त्याच दिवशी."

समितीचे अध्यक्ष म्हणून पुण्याहून प्राध्यापक बाळासाहेब थिटे येणार होते. त्यांना थेट घाटावर न्यायचं, अलोट गर्दीसमोर दोन शब्द बोलायचे आणि बढती खिशात घालून घरी यायचं, असं गुगळे यांनी ठरवलं होतं. पण आदल्या दिवशी त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. दोन्ही तालुक्यांत कुठेच दहावा नव्हता. म्हणजे त्या एका विशिष्ट दिवशी जुन्नर आणि आंबेगावात कुणीच मेलं नव्हतं.

"असं कसं कुणी नाही?" ते चेतनाला म्हणाले. "एवढी लोकसंख्या आहे. कुणीतरी असायला पाहिजे."

"अहो, काय बोलताय," चेतना म्हणाली. पण पडद्यांचा विचार मनात येऊन तिनंही दोन-तीन मैत्रिणींना फोन करून आडून आडून चौकशी केलीच.

संध्याकाळी नूतनकडून निरोप आला. 'दशक्रिया विधी. पिंपरी पेंढार घाट. उद्या सकाळी. दीर्घ प्रतीक्षेनंतर दुःखद निधन. आपली उपस्थिती प्रार्थनीय.' गुगळे यांनी गाव वाचलं, वेळ वाचली आणि मोबाइल कपाळाला लावला. देव दयाळू आहे, असं त्यांना मनापासून वाटलं.

बाळासाहेब थिटे काळा चष्मा लावून गार गाडीतून उतरले. गर्दी बघून त्यांनी चष्मा काढला. घाट नुसता फुलून गेला होता, आणि मुख्य म्हणजे समोर बसलेले बहुतेक सगळे विशी-बाविशीतले होते.

"गुगळे, हे खरंच विद्यार्थी आहेत?" त्यांनी विचारलं.

"आपलेच, सर," गुगळे म्हणाले. त्यातला एकही चेहरा त्यांच्या ओळखीचा नव्हता. मयत बहुधा कुणी शिक्षक असावेत, असा त्यांनी मनाशी अंदाज बांधला. पुढे टेबलावर तसबीर होती, पण झेंडूच्या हारांनी ती पुरती झाकली होती. माइकपाशी तालिब उभा होता. गुगळे यांनी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला, "भाऊ की बाई?"

"भाऊ म्हणा, सर," तालिब खाली मान घालून म्हणाला.

गुगळे यांनी त्या दिवशी आपलं आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण केलं. समोर बढती बसलेली होती.

"भाऊंना मी फार जवळून पाहिलं," ते म्हणाले. "माझ्या टेबलावर त्यांचं येणं-जाणं होतं. किती वेळा आले, पण कधी आवाज चढवला नाही. मी म्हटलं थांबा, तर थांबले. ठेवलं त्या जागी मुकाट्यानं राहिले." पुढच्या रांगेतल्या मुलींनी तोंडाला ओढण्या लावल्या. गुगळे यांना वाटलं, दुःख अनावर झालं. "अहो, किती सोसावं एखाद्यानं. शेवटी शेवटी तर अगदी कागदासारखे झाले होते. त्यांची मागणी काय होती? अगदी थोडी. आपल्यापैकी कुणी वेळेवर हात दिला असता, तर आज हा दिवस आला नसता. ज्यांनी हात आखडता घेतला त्यांना देव विचारल्याशिवाय राहणार नाही."

टाळ्या पडल्या. घाटावर टाळ्या पडत नाहीत, पण त्या दिवशी पडल्या. बाळासाहेब स्वतः या भागातले नसले तरी गर्दीपुढे माइक दिसला की त्यांनाही राहवत नसे. तालिबनं "आता समितीच्या वतीने" असं म्हणताच ते उठले. "मी एवढंच सांगेन," ते म्हणाले, "की भाऊ विद्यापीठ परिवारातले होते आणि त्यांची अखेरची इच्छा काहीही असो, ती पूर्ण केल्याशिवाय मी आज इथून हलणार नाही."

"हे बेस बोलला," लंकाबाई म्हणाल्या आणि उठून तसबिरीजवळ गेल्या. एकेक करून त्यांनी हार बाजूला काढले. काचेमागे रत्नाचा अर्ज होता. त्यावरचा 'दप्तरी दाखल' हा शेरा लांबूनही वाचता येत होता, आणि शेऱ्याखाली गुगळे यांची सही नव्हती, कारण ते सही करत नसत. नुसता केंद्राचा शिक्का होता.

गुगळे यांच्या तोंडाचं पाणी पळालं. बाळासाहेबांनी आधी अर्जाकडे पाहिलं, मग गुगळे यांच्याकडे, आणि मग त्यांना समोर उंचावलेले पन्नासेक मोबाइल दिसले. त्यांत मघापासून सगळं साठत होतं, गुगळे यांचं भाषण आणि त्यांचं स्वतःचंही.

"तिकडं बगा," लंकाबाईंनी कडेच्या दगडाकडे हात केला. तिथं पिंडांच्या जागी चुरगाळलेल्या कागदांचे गोळे ठेवले होते. मृत्यूचा दाखला, नात्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्यांच्या प्रती. "सकाळधरनं वाट बघतोय. कावळा शिवना झालाय. झेरॉक्सला कसा शिवंल? आता मयताची काय इच्छा राह्यली आसंल, ती तुमीच वळखा. तुमी जवळून पाह्यलं व्हतं त्याला."

सगळे मोबाइल बाळासाहेबांकडे वळले. अशा वेळी काय करायचं हे या मुलखात लहान पोरालाही ठाऊक असतं. कावळा शिवला नाही, तर पुढं होऊन मयताला शब्द द्यायचा असतो. आणि बाळासाहेबांनी तो शब्द न विचारताच दिलेला होता, तोही माइकवर.

"गुगळे," बाळासाहेब ओठ न हलवता म्हणाले, "सही करा."

"सर, पण उपस्थिती अत्यावश्यक असल्याचा दाखला..."

"गुगळे, माझं भाषण त्या मोबाइलमध्ये आहे."

गुगळे यांनी पेन काढलं. रत्नानं तसबिरीतून अर्ज काढून पुढे धरला. शिक्का कार्यालयात आहे, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर नूतननं पर्समधून शिक्का काढून टेबलावर ठेवला. सही झाली, शिक्का बसला. रत्नाला रडू फुटलं आणि ते लपवायला तिनं आजीच्या पदरात डोकं घातलं. एवढ्या दिवसांत घाटावर पहिल्यांदाच कुणीतरी खरंखुरं रडत होतं.

गुगळे यांना वाटलं, सुटलो. ते उतरायला लागले तर समोर रांग उभी होती. तालिब शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन पहिला. त्याच्यामागे वसतिगृहवाले, नाव दुरुस्तीवाले, दीड वर्षापासून ओळखपत्राची वाट बघणारे. प्रत्येकाच्या एका हातात अर्ज आणि दुसऱ्या हातात मोबाइल. दुपार टळेपर्यंत गुगळे सह्या करत होते आणि विद्यापीठाच्या उच्चस्तरीय समितीचे अध्यक्ष भर उन्हात शाईचा पॅड धरून उभे होते.

संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत दोन्ही तालुक्यांत फिरली, रात्री पुण्यात पोहोचली. विद्यापीठात मोठीच पंचाईत झाली. अध्यक्ष स्वतः त्यात बोलत असल्यानं चूक झाली असं म्हणता येईना. तेव्हा 'विद्यापीठ विद्यार्थ्यांच्या दारी' या अभिनव उपक्रमाचा हा भाग होता, असं पत्रक निघालं. गुगळे यांनी ते वाचून सुटकेचा श्वास सोडला. चेतनानं पडदे आणून घरी ठेवले.

बाळासाहेबांचा अहवाल आठवड्यानं आला. त्यांनी कुणावर अन्याय केला नव्हता. 'सदर अधिकारी कार्यालयात कोणतेही काम करत असल्याचे आढळून आले नाही,' असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. 'तथापि घाटावर त्यांनी एका दिवसात जेवढी प्रकरणे निकाली काढली, तेवढी केंद्राने स्थापनेपासून काढलेली नाहीत. सबब त्यांना पुण्यास न हलवता कायमस्वरूपी घाटावरच ठेवावे.'

पुण्याची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. गुगळे दोन दिवस जेवले नाहीत. चेतनानं पडदे नारायणगावच्या घराला लावले, ते वीतभर तोकडे पडले. सिद्धीला निरोप घेतलेल्या मैत्रिणींना परत तोंड दाखवावं लागलं. आता दर मंगळवारी पिंपरी पेंढारला आणि शुक्रवारी डिंगोऱ्याला, घाटावर तालिबच्या मंडपात गुगळे यांचं कार्यालय भरतं. पोरं रांगेनं येतात, ते सह्या करतात. सवयीनं आता हात 'चर्चा करावी' लिहायला वळतही नाही. आणि कुणाला सांगणार नाहीत, पण एखाद्या पोराचं काम झालं आणि ते उड्या मारत गेलं की त्यांना बरं वाटतं.

रत्ना फेरपरीक्षेत पास झाली. पुढच्या मंगळवारी लंकाबाई पेढे घेऊन आल्या.

"सायेब, बढती हुकली म्हनं तुमची?"

"हुकली, आजी."

"जाऊ द्या. पुन्याला जाऊन कुनाचं भलं झालंय. हितं तुमचं नाव हाय." त्यांनी पेढा पुढे केला. गुगळे यांना खरोखरच भरून आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी त्यांना पेढा दिला नव्हता. तो खात असताना लंकाबाईंनी पिशवीतून एक कोरा कागद काढून टेबलावर पसरला. "हितं येक सही करा."

"कशाबद्दल, आजी?"

"मी गेल्याची."

"अहो, पण तुम्ही तर..."

"आत्ता हाय. पर माझं वय काय आन तुमच्या विद्यापीठाचा काय भरवसा? धाकट्या नातवाची परीक्षा आसंल तवा मी गेले तर पोरगं कुठं हिंडत बसंल दाखलं गोळा करत? तुमी हितं हाय तवर करून ठिवा. तारीख मोकळी सोडा, ती पोरं घालतील."

मागे रांग वाढत होती. नूतन शिक्क्यावर शाई लावत होती. गुगळे यांनी पेन उघडलं आणि सही केली.

लंकाबाईंनी शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली, घडी करून कनवटीला लावली आणि उन्हं चढायच्या आत कांदे काढायला शेताकडे निघाल्या.